गोव्यात प्रोबेशन ऑफिसर म्हणून लागलात? मग पहिले सहा महिने असे काढा

नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा माझ्या मावशीचा पहिला प्रश्न होता, "खंयच्या ब्रँचींत गो?" आपल्याकडे पीओ, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हटलं की बँकच. तिला समजावलं की बँक नाही, कोर्टानं अटींवर सोडलेल्या माणसांवर देखरेख ठेवायची असते, त्यांच्या घरी जाऊन रिपोर्ट द्यायचा असतो, तर म्हणाली म्हणजे पोलीस? तेही नाही. मग ती गप्प बसली आणि पुढचं वर्षभर शेजाऱ्यांना "सरकारात आसा" एवढंच सांगत राहिली.

मी डिचोलीची. एमएसडब्ल्यू केलेलं, थोडा एनजीओचा अनुभव, त्यामुळे वाटलं होतं आपल्याला सगळं येतं. पहिल्या दिवशी टेबल मिळालं, कपाट मिळालं, कपाटाची चावी मिळाली पण ती त्या कपाटाची नव्हती, आणि "आधी जुन्या फाईली वाचून काढा" एवढं ट्रेनिंग मिळालं. पुढचं सगळं चुका करत करत शिकले. तुम्ही त्याच चुका करू नयेत म्हणून लिहितेय.

१. आपल्याला नक्की कुठल्या कायद्याखाली नेमलंय ते ऑर्डरमध्ये बघा

ही पहिली गोष्ट आणि बरेच जण हीच करत नाहीत. प्रोबेशन ऑफिसरचे दोन संसार असतात. एक म्हणजे १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, मराठीत अपराधी परिवीक्षा अधिनियम, हा मोठ्या माणसांसाठी. दुसरा २०१५ चा बाल न्याय कायदा, म्हणजे जेजे ॲक्ट, अठराच्या आतल्या मुलांसाठी. काहींची नेमणूक जिल्हा बाल संरक्षण कक्षात लीगल-कम-प्रोबेशन ऑफिसर म्हणून होते, त्यांचं बहुतेक काम मुलांचंच. ऑर्डरवर काय लिहिलंय, कुठला जिल्हा, कुठले तालुके, कोर्टानं मोठ्यांचा रिपोर्ट मागितला तर तो तुमच्याकडे येणार का, हे सगळं पहिल्याच आठवड्यात सिनिअरला विचारून घ्या. नंतर विचारलं तर "एवढे दिवस काय करत होतात" असं ऐकून घ्यावं लागतं.

एक गंमत सांगते. हे काम जगात सुरू केलं ते एका चांभारानं. बॉस्टनचा जॉन ऑगस्टस, १८४१ साली कोर्टात एका दारुड्याला बघून मॅजिस्ट्रेटला म्हणाला, याला माझ्या जबाबदारीवर सोडा. ना पगार ना पोस्ट. ऑफिसात टीए बिल दोनदा परत आलं की मला या माणसाची हटकून आठवण येते.

२. जॉइनिंगची कागदं

यावर जास्त लिहीत नाही, सगळ्या सरकारी नोकऱ्यांना लागतं तेच. पंधरा वर्षांचा रेसिडेन्स सर्टिफिकेट, कोकणी येत असल्याचा पुरावा, डिग्री आणि मार्कशीटच्या ओरिजिनल, जन्मदाखला, मेडिकल फिटनेस, चारित्र्य पडताळणीचा फॉर्म, आधार, पॅन, बँक पासबुक. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि दहा पासपोर्ट फोटो. मेडिकलला एक अख्खा दिवस जातो हे धरून चाला.

चार्ज घेताना मात्र घाई करू नका. आधीचा अधिकारी बदलून गेलेला असतो, क्लार्क फायलींचा गठ्ठा दाखवतो आणि सही मागतो. यादी करून, मोजून, चालू केस किती, किती रिपोर्ट बाकी, कुणाची पुढची तारीख कधी हे लिहूनच सही करा. मी न मोजता सही केली, तीन आठवड्यांनी कळलं की एक रिपोर्ट मी यायच्या आधीपासून थकलेला होता आणि आता तो माझ्या नावावर होता.

३. ट्रेनिंग येईपर्यंत स्वतः वाचा

नव्या सरकारी नोकरांना जुन्या गोव्याच्या एला इथल्या गिपार्ड या सरकारी प्रशिक्षण संस्थेत इंडक्शनला पाठवतात, तिथे नोटशीट कशी लिहायची, रजेचे नियम, आचारसंहिता असं शिकवतात. उपयोगाचं आहे, झोपू नका. पण घरभेट कशी करायची हे तिथे कोण शिकवणार? ते विषयाचं ट्रेनिंग पुढे कधीतरी येतं, आणि तोपर्यंत तुमच्या नावावर वीस केस पडलेल्या असतात.

तोवर १९५८ चा कायदा वाचा, तो छोटा आहे, एका बसच्या प्रवासात वाचून होतो, म्हणजे डिचोलीहून पणजी आणि परत. ही कलमं तोंडपाठ हवीत:

- कलम ३, समज देऊन सोडणं. कलम ४, चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडणं, बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यात कलम ४ लागत नाही.
- कोर्टानं सोबत देखरेखीचा आदेश दिला तर ती किमान एक वर्षाची. हा आदेश निघाला की खरं आपलं काम सुरू.
- कलम ६, एकवीसच्या आतल्यांना शक्यतो तुरुंगात पाठवायचं नाही, पाठवायचं तर कोर्टानं कारणं लिहायची. इथे कोर्टाला आपला रिपोर्ट मागवावाच लागतो.
- कलम ७, रिपोर्ट गोपनीय. पण कोर्ट त्यातला सारांश त्या माणसाला सांगू शकतं आणि त्याचं म्हणणं ऐकू शकतं, म्हणजे तुम्ही लिहिलेलं उद्या त्याच्या कानावर जाणार आहे हे धरूनच लिहा.
- कलम ९, अटी मोडल्या तर काय. कलम १२, या शिक्षेमुळे पुढे अपात्रता येत नाही.
- कलम १४, आपली कर्तव्यं. हे छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

कलम १२ बद्दल लोक फार विचारतात, "म्हणजे केस झालीच नाही ना?" तसं नाही. दोषी ठरवलेलं पुसलं जात नाही, त्यामुळे येणारी अपात्रता जाते. हा फरक नीट सांगा, नाहीतर पोरगा उद्या कुठल्यातरी फॉर्मवर चुकीचं लिहील आणि नाव तुमचं सांगेल.

४. वयाचा घोळ

हा सापळा इतका सोपा आहे की सगळे पडतात. जेजे ॲक्टमध्ये वय धरायचं ते घटनेच्या दिवशीचं. घटना घडली तेव्हा सतरा वर्षं अकरा महिने असेल आणि आज वीसचा असेल तरी तो बालकच. १९५८ च्या कायद्यातलं एकवीस वर्षं वय मात्र घटनेच्या दिवशीचं नाही, खालचं कोर्ट दोषी ठरवून शिक्षा देतं त्या दिवशीचं. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं रामजी मिस्सरच्या केसमध्ये हे सांगून ठेवलंय. म्हणजे केस लांबली की मुलाचा हा फायदा हातातून जातो, कलम ४ मागता येतं पण कलम ६ चं कवच गेलं. फाईल उघडली की पहिल्या पानावर जन्मतारीख, घटनेची तारीख आणि आजची तारीख एकाखाली एक लिहायची सवय लावून घ्या. शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं सर्टिफिकेट बघून लिहा, आई सांगते त्यावरून नाही, आयांना चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी की नंतर एवढंच आठवत असतं.

५. जेजेबीत, म्हणजे बाल न्याय मंडळात, पहिल्यांदा जाल तेव्हा

मेरशीला 'अपना घर' या मुलांच्या सरकारी निरीक्षणगृहाचं गेट बघून पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण जेजेबी कोर्टासारखं नसतं, कायद्यातच लिहिलंय की जागा मुलाला भीती वाटेल अशी नको आणि नेहमीच्या कोर्टासारखी दिसायला नको. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यात एक तरी बाई. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बसा आणि बघा. कुठला सदस्य काय विचारतो ते वहीत लिहा. कुणी शाळेबद्दलच विचारतं, कुणी "पुढे काय करायचं ठरवलंय" यावरच अडतं. तुमचा पुढचा रिपोर्ट त्या प्रश्नांची उत्तरं देणारा हवा.

भाषा सांभाळा. आरोपी, अटक, वॉरंट, गुन्हेगार हे शब्द मुलासाठी वापरायचे नाहीत. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा सरकारी शब्द जीभ वळायला वेळ घेतो, मी बोलताना सरळ 'मुलगा' म्हणते, कागदावर पूर्ण लिहिते.

आणि मुदत. मुलगा पहिल्यांदा बोर्डापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट, म्हणजे एसआयआर, गेला पाहिजे. पंधरा दिवस ऐकायला खूप वाटतात. त्यात दोन शनिवार-रविवार, एक फेस्ताची सुट्टी, एक दिवस घरी कुलूप, एक दिवस शाळेत हेडमास्तर मीटिंगला. उरतात आठ. पहिली घरभेट तीन दिवसांच्या आत करा हा माझा नियम.

हल्ली अजून एक घोळ झालाय, मतदारयाद्यांच्या फेरतपासणीलाही एसआयआरच म्हणतात. एका घरी मी "एसआयआरसाठी आले" असं म्हटलं तर आजोबांनी आतून सगळ्या घराची मतदार कार्डं आणून टेबलावर मांडली. तेव्हापासून मी "घरची चौकशी करायला आले" असंच म्हणते.

६. घरभेट

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं पुस्तकात मिळतं, हे मिळत नाही.

गोवा लहान आहे. तुम्ही कुठल्याही वाड्यावर पाऊल ठेवलंत की बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेली एखादी आजी विचारणारच, "कोणाली गो तूं? खंय वता?" आणि तुम्ही काही उत्तर द्या, संध्याकाळपर्यंत पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलबरोबर ती बातमी घरोघर पोचते. म्हणून 'गोवा सरकार' लिहिलेली जीप घेऊन दारात जाऊ नका. मी दुचाकीनं जाते, गाडी देवळापाशी किंवा खाण्याच्या गाड्यापाशी लावते आणि चालत जाते. आजीला सांगायला एक खरं पण अर्धं उत्तर तयार ठेवा, "आईक मेळपाक आयल्यां", म्हणजे आईला भेटायला आलेय. खोटं बोलू नका, शाळेची टीचर आहे असं सांगितलंत तर दुसऱ्याच दिवशी उघडं पडतं, कारण त्या आजीची सून त्याच शाळेत असते.

कधी जायचं? सकाळी अकराला गेलात तर घरी कुणी नसतं. बायका कामाला, पुरुष साईटवर. मी संध्याकाळी साडेपाच ते सात धरते, पण देवापुढे दिवा लावायची वेळ आणि ख्रिश्चन घरात तेर्साची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, वेळ टाळते. पहिली भेट फोन न करता, दुसरी फोन करून. दोन्ही भेटींत घर कसं वेगळं दिसतं ते बघण्यासारखं असतं.

आत गेल्यावर काय बघायचं? लोकांना वाटतं की प्रश्न विचारायचे. अर्धं काम डोळ्यांचं आहे. मुलाची झोपायची जागा कुठेय, त्याला स्वतःचा असा एक कोपरा तरी आहे का, दप्तर कुठे आहे आणि त्यावर धूळ आहे का. एकदा वाळपईच्या पुढे एका घरी आई सांगत होती मुलगा रोज शाळेत जातो. भिंतीवर खिळ्याला दप्तर लटकत होतं आणि त्याच्या पट्ट्यात कोळ्यानं घर केलेलं. मी काही बोलले नाही. तिनं माझी नजर पाहिली, गप्प झाली, मग म्हणाली, "दोन म्हयने जाले वचना," म्हणजे दोन महिने शाळेत जातच नाही. तिथून पुढे खरं बोलणं सुरू झालं.

मुलाशी एकटं बोला. आईबापांसमोर तो फक्त पायाचा अंगठा जमिनीवर घासत बसतो. मी मागच्या अंगणात घेऊन जाते, कुत्रा असेल तर त्याच्याबद्दल विचारते, फुटबॉल कुठल्या टीमकडनं खेळतो ते विचारते. गुन्ह्याबद्दल पहिल्या भेटीत शेवटी विचारायचं, आणि त्यानं सांगितलंच पाहिजे असं नाही. तो दोषी आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही, ते बोर्ड बघेल.

भाषेचा प्रश्न येतो. कोकणी-मराठीवर सगळं भागेल असं समजू नका, वास्को, मडगाव, म्हापसा भागातल्या कितीतरी घरांत कानडी किंवा हिंदीच चालते. शेजाऱ्याला दुभाषी करू नका. कधीच नाही. घरातलं सगळं गावभर जातं. ऑफिसातलं कुणी किंवा ओळखीची अंगणवाडी सेविका, तीही दुसऱ्या वाड्यावरची.

चहा घ्यायचा की नाही? माझं मत, घ्यायचा. घेतला नाहीत तर घर अवघडतं. पण जेवण नाही आणि बरोबर काही न्यायचं नाही. चवथीच्या आधी एका मुलाचे वडील पाच नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन ऑफिसात आले, "घरच्याच भाटातले" म्हणत. परत पाठवले तेव्हा त्यांचा चेहरा पडला, वाईट वाटलं. पण पुढच्याच महिन्यात मला त्याच मुलानं अट मोडल्याचं लिहावं लागलं. नारळ घेतले असते तर?

७. रिपोर्ट लिहिताना

तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. मी काय पाहिलं, मला कुणी काय सांगितलं, आणि मला काय वाटतं. या तिन्ही एका वाक्यात घुसल्या की रिपोर्ट मेला.

माझा स्वतःचा किस्सा. एका मुलाच्या घरी वडील दोन्ही वेळा झोपलेले होते, संध्याकाळी सहाला. शेजारीण म्हणाली, "बापूय दिसभर न्हिदून आसता, पियेता मरे तो." मी लिहिलं, 'वडील व्यसनी असून घरात लक्ष देत नाहीत.' बोर्डावर एका सदस्यानं शांतपणे विचारलं, मॅडम, तुम्ही त्यांना प्यायलेलं पाहिलंत? नाही. त्यांच्याशी बोललात? नाही, झोपले होते. वडील तिथेच मागे उभे होते. ते बेकरीत भट्टीवर होते, रात्रभर पाव भाजायचे आणि दिवसा झोपायचे. आपण सकाळी जो पाव खातो तो कुणीतरी रात्री जागून भाजलेला असतो एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. त्या माणसाकडे बघायची मला लाज वाटली.

आता मी असं लिहिते: 'दि. अमुक रोजी सायं. ६ वा. भेट दिली असता वडील झोपलेले आढळले. शेजारी महिलेच्या सांगण्यानुसार ते मद्यपान करतात. याची अन्यत्र खातरजमा झालेली नाही.' कंटाळवाणं आहे पण खरं आहे.

दुसरं, कॉपी-पेस्ट. सगळे करतात, मीही करते, फॉर्मच तसा आहे. पण एकदा फोंड्याच्या मुलाच्या रिपोर्टात मागच्या केसमधलं 'घरापासून समुद्र जवळ' हे वाक्य राहून गेलं. प्रिंट काढल्यावर नाव, गाव, वय, शाळा या चार गोष्टी लाल पेनानं टिकमार्क करा आणि मगच सही.

शिफारस धाडसानं लिहा. 'योग्य तो आदेश व्हावा' हे वाक्य लिहिणारा अधिकारी काहीच सांगत नाही. मुलाला पालकांकडे सोडावं, आठवड्यातून एकदा समुपदेशन, अमुक आयटीआयमध्ये ॲडमिशन जूनमध्ये सुरू होते तिथे प्रयत्न करता येईल, असं नेमकं लिहा. मात्र आयटीआयला फोन करून जागा आहे का हे आधी विचारा. सोळा ते अठरामधला मुलगा आणि घोर गुन्हा असेल तर बोर्ड प्राथमिक मूल्यमापन करतं, मुलाला मोठा समजून खटला चालवायचा का ते त्यावर ठरतं, तिथे तुमच्या रिपोर्टातलं एक सैल विशेषण फार महाग पडू शकतं.

८. देखरेख म्हणजे हजेरी घेणं नव्हे

मोठ्या माणसांच्या केसमध्ये पहिल्या भेटीत बाँडच्या अटी त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. कोर्टात त्यानं सही केलेली असते पण काय सही केली हे त्याला माहीत नसतं. भेटीची तारीख त्याच्या कामाप्रमाणे ठरवा. ट्रॉलरवरच्या माणसाला महिन्याची पाच तारीख दिलीत तर तो पाच तारखेला समुद्रात असेल. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बाहेरून आलेले खलाशी गावी जातात, त्यामुळे मे महिन्यातच त्याच्याशी बोलून ठेवा, गावी जायचंय तर कोर्टाची परवानगी लागते का, पत्ता काय. नाहीतर जूनमध्ये तुम्ही 'फरार' लिहाल आणि तो बिचारा गावी घराची कौलं शाकारत असेल. गरज पडली तर कलम ८ खाली कोर्ट अटी बदलू शकतं, आपण तसा अर्ज करू शकतो हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

बाहेरून आलेल्यांचा आणखी एक मुद्दा. बाँडवर सोडायचं तर त्या माणसाचा किंवा जामीनदाराचा त्या भागात कायमचा पत्ता किंवा नियमित कामधंदा हवा असं कलम ४ मध्येच आहे. भाड्याच्या खोलीचा मालक लिहून द्यायला तयार नसतो, कंत्राटदार म्हणतो मी याला ओळखत नाही. रिपोर्टच्या वेळीच हे शोधून ठेवलंत, म्हणजे मालकाशी बोललात, हजेरीपटाची झेरॉक्स जोडलीत, तर माणूस तुरुंगाऐवजी कामावर राहतो. मला विचाराल तर या नोकरीत सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

अट मोडली तर लगेच कोर्टात धावू नका पण लपवूही नका. एक भेट चुकली, फोन केला, कारण लिहिलं. दुसरी चुकली, घरी गेलात, लिहिलं. मग कोर्टाला कळवा. पहिल्या वेळी कोर्ट बाँड चालू ठेवून दंडावर भागवू शकतं, आणि तो दंड किती माहितीय? जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९५८ साली तो मोठा असणार. आज पन्नास रुपयांत माशाची थाळीसुद्धा येत नाही. पण दंड लहान म्हणून गंमत समजू नका, त्याच कलमाखाली कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं, आणि हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं.

कलम १४ मध्ये एक ओळ आहे, गरज असेल तिथे त्याला योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं. ही ओळ बहुतेक जण वाचून पुढे जातात. मी ओळखीच्या गॅरेजवाल्यांची, बेकरीवाल्यांची, नर्सरीवाल्यांची एक वही ठेवलीय. त्यांना केस सांगायची नसते, "एक मुलगा आहे, हात चांगला आहे, मी महिन्यातून एकदा येऊन बघेन" एवढं पुरतं.

९. नवीन आलेली समाजसेवेची शिक्षा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदा मोठ्यांच्या कायद्यात आली. मोजक्या सहा गुन्ह्यांना, त्यात पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा, आणि बदनामी हे आपल्याला भेटण्यासारखे. काम समाजाच्या उपयोगाचं आणि त्याचा मोबदला नाही, एवढंच कायदा सांगतो, किती तास आणि कुठलं काम हे त्यात लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे असा आदेश आला तर कुठे, कुठलं काम, किती दिवस, हजेरीवर सही कोण करणार, हे आदेशात नसेल तर कोर्टाकडून लेखी स्पष्ट करून घ्या. तोंडी काही घेऊ नका. जागा सुचवायला सांगितली तर त्या माणसाच्या स्वतःच्या गावचं देऊळ किंवा बाजार सुचवू नका, ती समाजसेवा राहत नाही, तमाशा होतो, आणि कुणीतरी मोबाईल काढतोच.

१०. तोंड बंद ठेवणं

मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये. जेजे ॲक्टचं कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे पत्रकारांसाठी आहे असं समजू नका. घरभेटीला जाताना कलीगला व्हॉट्सॲपवर मुलाचं नाव आणि लोकेशन पाठवता ना? मीही पाठवायचे. आता फक्त केस नंबर आणि तालुका. फाईल घरी नेऊ नका, बसमध्ये उघडू नका, शटल बसमध्ये शेजारी बसलेला माणूस कुणाचा मामा असेल सांगता येत नाही.

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "तो पेपरातला मुलगा तुझ्याकडेच असेल ना?" मी सोलकढीची वाटी पुढे करते.

११. कुणाची मदत घ्यायची

व्यसन किंवा मानसिक त्रास असेल तर बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय, पत्र घेऊन स्वतः बरोबर जा, नुसतं पत्र दिलं तर अर्ध्या वाटेतून परत येतात. ड्रग्जच्या केसमध्ये व्यसनी माणसाकडे थोडंच प्रमाण सापडलं असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३९ खाली कोर्ट उपचारासाठी सोडू शकतं, वकिलाला हे आठवतंच असं नाही. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फुकट मिळतो. मुलांसाठी १०९८. शाळा सुटलेल्यांसाठी ओपन स्कूल आणि आयटीआय. पंचायतीतला पंच कामाचा असतो पण जपून, त्याला निवडणूक असते.

१२. पिशवीत काय ठेवायचं

ओळखपत्र, कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स, वही, दोन पेनं, इंक पॅड कारण अंगठा लागतो, पाण्याची बाटली, बिस्किटचा पुडा, जून ते सप्टेंबर रेनकोट आणि फाईलसाठी प्लास्टिकची जाड पिशवी. टॉर्च, कारण संध्याकाळच्या भेटीहून परतताना काणकोण-सांग्याच्या आतल्या रस्त्यांवर दिवे नसतात. कुठे जाताय आणि किती वाजता परत याल हे ऑफिसात एकाला सांगून निघा, आणि घरात कुणी प्यायलेलं किंवा तापलेलं दिसलं तर उंबरठ्यावरूनच "परत येते" म्हणून फिरा, भेट झाली नाही असं लिहिण्यात कमीपणा नाही.

महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नाही. सत्तरीत आत गेलात की रेंज जाते, आणि मग ते दुकानदाराच्या लँडलाईनवरून करावे लागतात, तोही आधी विचारतो, "कोणाली गो तूं?"